रविवारची वाट, शुक्रवारी

पहाटे 4:45

चुलीवर चहा उकळेपर्यंत टायर दाबून बघतो. रस्त्यावरच्या सायकलला 80 ते 100 पीएसआय हवा लागते. माळावर जायचं असेल तर मी पुढच्या चाकात 22 आणि मागच्यात 25 ठेवतो. हवा कमी असली की टायर दगडावरून उडत नाही, दगडाला धरून जातो. फारच कमी केली तर मात्र दगड थेट रिमला लागतो. हा हिशेब ज्याच्या-त्याच्या वजनावर असतो, त्यामुळे कुणाला आकडा सांगताना आधी वजन विचारावं लागतं आणि ते कुणी खरं सांगत नाही.

आटपाडीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वाटा दाखवण्याचं काम त्याच्या पाठोपाठ आलं. परवा रविवारी सांगली-मिरजेहून आठ जण एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेऊन येणार आहेत. त्यांना डांबर सोडून जायचंय. पहिल्या फोनवर त्यांच्यातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "पण दादा, आटपाडीत डोंगर कुठं आहेत?" प्रश्न रास्त होता. माणदेश म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दुष्काळ येतो, डोंगर येत नाहीत. सह्याद्रीनं पाऊस अडवल्यावर जे उरतं ते आमच्याकडं येतं, वर्षाला 500 मिलिमीटरच्या आत-बाहेर. पण शंभू महादेवाच्या रांगेचे फाटे इथवर पोचतात. त्यांच्या मधोमध मोकळा माळ आहे, मुरमाचे चढ आहेत, कोरड्या वगळी आहेत. झाडी कमी म्हणून नजर लांब जाते आणि चिखल नाही म्हणून वर्षातले बरेच महिने सायकल चालते. माउंटन बाइकला आणखी काय लागतं?

उद्या शनिवार, आटपाडीचा बाजार. शेळ्या-मेंढ्यांच्या पिकअप गाड्या पहाटेपासून रस्ता भरून टाकतात आणि मला दुकान सोडता येत नाही. तेव्हा वाट बघायची ती आजच.

सकाळी 5:30

कार्तिकातली थंडी आहे. पाठीवरच्या पिशवीत पंप, जादा ट्यूब, चेन तोडायचं हत्यार, पान्ह्यांचा संच, पट्टी, जखमेचं औषध आणि दोन लिटर पाणी. खिशात गुळाचा खडा आणि शेंगदाणे.

वस्तीवरची कुत्री ठरल्या जागी भेटतात. पॅडल मारून पळालं की ती जोरानं मागं लागतात. उतरून सायकल आपल्या आणि त्यांच्यामध्ये धरून चालत राहिलं की दहा-वीस पावलांत त्यांचा रस जातो. शहरातून आलेल्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं असतं, कारण नेमकं तिथंच माणूस घाबरून पडतो.

डांबर सुटलं की गाडीवाट लागते. जुन्या बैलगाड्यांची चाकोरी अरुंद आणि खोल होती. खिलार बैल जुंपलेल्या गाड्या आता शर्यतीला आणि जत्रेला दिसतात, रोजच्या कामाला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरची चाकोरी रुंद आणि मधला उंचवटा गवताळ. नवखा माणूस चाकोरीत उतरतो, मग तिच्या कडेला पॅडल घासतं आणि तो आडवा होतो. मधला उंचवटा धरावा. पण ह्या दिवसांत त्या गवतात कुसळ पिकलेलं असतं. ते मोज्यात घुसलं की काढताना सायकल चालवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

सकाळी 6:20

उपग्रहाच्या चित्रात इथून एक पांढरी रेघ सरळ डोंगराकडं जाते. जागेवर येऊन बघतो तर तिचे तीन फाटे झालेत. एका फाट्यावर बाभळीच्या शिरी लावून वाट बंद केली आहे आणि पलीकडं हातभर ज्वारी उभी आहे. चित्र काढलं तेव्हा तिथं पड रान असणार. दुसरा फाटा विहिरीवर जाऊन थांबतो. तिसऱ्याचं काय, ते सांगायला समोरून मेंढरं घेऊन एक म्हातारबा आले.

"रामराम तात्या."

"रामराम. कुणीकडं रं एवढ्या सकाळचं?"

"वाट बघतोय. रविवारी सांगलीची माणसं येणार हाईत, सायकली घिऊन. बाणूरगडाला जायचंय त्यास्नी."

"सायकलीवर? यष्टी बंद हाय व्हय?"

"चालू हाय की. पर त्यास्नी रानातनंच जायाचंय."

तात्यांनी काठीवर हनुवटी टेकवून माझ्या सायकलीकडं नीट बघितलं. जाड टायर बघितले. मग म्हणाले, "मग त्या वगळीनं जावा. खाली वाळू हाय, पर कडंनं पायवाट घट्ट हाय. धा वाजायच्या आत जावा मातुर. धानंतर माझी मेंढरं तितं पाण्याला उतरत्यात. तुमच्या सायकली बघून बुजली, तर सांजपातूर गोळा हुयाची न्हाईत."

ही वेळ कुठल्याही नकाशात नव्हती. माळावरची प्रत्येक वाट कुणाची तरी कामाची वाट असते आणि तिला ऋतू असतो, दिवसाची वेळ असते. मेंढपाळाची सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. सुगीत शेताच्या बांधावरून जाता येत नाही, सुगी झाली की जाता येतं. मोकळी जमीन दिसली म्हणजे ती रिकामी आहे, असं शहरातल्या माणसाला वाटतं. साहसाला जागा शोधणाऱ्यांची पहिली चूक इथंच होते, आणि मग गावोगाव 'सायकलवाल्यांना येऊ देऊ नका' असं सुरू होतं. म्हणून मी चाकाच्या आधी तोंड चालवतो.

सकाळी 7:00

वगळीच्या कडेनं उतरून बघितलं. उतार दीडशे-दोनशे मीटरचाच, पण मुरूम सुटा आहे. इथं सीट खाली घ्यायची, दोन्ही पॅडल समांतर ठेवून उभं राहायचं, वजन मागं न्यायचं आणि ब्रेकवर एकच बोट. पुढचा ब्रेक जोरात दाबला की मुरमावर चाक घसरतं. ज्यांना जमणार नाही त्यांनी सायकल हातात धरून उतरावं, त्यात कमीपणा नाही. वहीत लिहून घेतलं: 'उतरून चाला' अशी खूण करायला पांढरे दगड मांडणे.

परतताना मागच्या टायरला सराटे लागले होते, मूठभर. माणदेशातली खरी अडचण चढ नाही, काटे आहेत. सराटा, बोराटी, वेडी बाभूळ, हिवर. साध्या ट्यूबवर इथं माळ ओलांडणं म्हणजे पंक्चरच्या दुकानाला निमंत्रण. मी ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट घालतो. काटा उपटायचा, चाक फिरवून भोक खाली आणायचं, तो पांढरा चीक भोकात जाऊन बसतो आणि हवा थांबते. इथल्या कोरड्या उन्हात हा चीक लवकर आटतो, त्यामुळे दर काही महिन्यांनी नवा घालावा लागतो. रविवारी येणाऱ्या आठांपैकी तिघांच्या सायकलींना साध्या ट्यूब आहेत, हे मी आधीच विचारून ठेवलंय.

सकाळी 7:40

एक सोपी आणि देखणी वाट मी मुद्दाम गाळली आहे. आटपाडीजवळचं 9.48 चौरस किलोमीटरचं वनक्षेत्र 2023 मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. लांडगा, कोल्हा, खोकड यांचं ते घर आहे. लांडग्याची मादी साधारण डिसेंबर-जानेवारीत विते, त्याच्या आधीपासून ती बिळाची जागा बघत फिरते. आठ सायकली हसत-ओरडत तिथून गेल्या तर ती जागा सोडून देईल, आणि मग कुणाच्या तरी वाड्याजवळ जाईल. मेंढरू गेल्यावर त्याचा हिशेब तात्यांसारख्यांना भरावा लागेल. तिथं जायचं असेल तर वनखात्याला विचारून, पायी, दुर्बीण घेऊन. चाकं नकोत.

सकाळी 8:15

टेंभूच्या कालव्यावर आलो. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत आणायचं, अशी ही योजना. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांपासून हे पाणी मागणाऱ्या लोकांनी आयुष्यं घातली. आता पाणी आलंय आणि कालव्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या जोडीला ऊसही दिसतो.

कालव्याकडेचा रस्ता सपाट आणि मोहात पाडणारा. पण तो देखभालीचा रस्ता आहे, खेळायचा नाही. आत काँक्रीटचं अस्तर शेवाळानं गुळगुळीत झालेलं असतं. पट्टीचा पोहणाराही आत पडला तर त्याला त्या उतारावरून वर येता येत नाही. म्हणून पुलावरून कालवा ओलांडायचा आणि लगेच पलीकडच्या पाणंदीला लागायचं. पाणंद ज्यांच्या बांधाला लागून जाते त्या काकू डाळिंबाच्या बागेत होत्या. रविवारी आठ सायकली जातील म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "जाऊ द्या की. फक्त डाळिंबाला हात नको लावाय. औषध मारलंय."

हेही वहीत गेलं.

सकाळी 10:00

दुकान उघडलं. दारात चार सायकली आधीच उभ्या. दोन शाळेच्या पोरींच्या, एक दूधवाल्याची, एक 'गिअरवाली'. ही गिअरवाली जाहिरात बघून मागवलेली. जाड टायर, दोन्हीकडं स्प्रिंग, भडक रंग. दिसायला माउंटन बाइक, वजनाला लोखंडी पलंग. पुढचा फाटा उलटा बसवून आलेला, ब्रेक रिमऐवजी टायरला घासतायत. स्प्रिंग दाबली तर करकरते, हलत नाही. पोराच्या बापाला समजावलं की ह्या किमतीत स्प्रिंग नसलेली साधी, हलकी सायकल घेतली असती तर पोरगं डोंगर चढलं असतं. बाप म्हणाला, "पर पोराला स्प्रिंगच पायजे हुती." फाटा सरळ केला, ब्रेक बसवले, पैसे घेतले.

दुपारपर्यंत हबमधलं ग्रीस बदलायचं काम. हे करताना मला 1976 सालचे कॅलिफोर्नियातले ते पोरगे आठवतात. मरीन परगण्यात जुन्या, जाडजूड सायकली डोंगरावर न्यायच्या आणि मातीच्या उतारावरून खाली शर्यत लावायची. ब्रेक मागच्या हबमध्ये. खाली पोचेपर्यंत आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यांच्यातल्या जो ब्रीझ, गॅरी फिशर यांनी पुढं सायकली बांधल्या, धंदा उभा केला, आणि 1996 मध्ये अटलांटाला माउंटन बाइकिंग ऑलिंपिकमध्ये गेलं. सुरुवात मात्र घराजवळचा एक डोंगर, भंगारातल्या सायकली आणि ग्रीसचा डबा, एवढ्यावर झाली. हे तिन्ही आमच्याकडं आहे.

दुपारी 1:15

डब्यात भाकरी, हुलग्याचं माडगं आणि ठेचा. कॉलेजात जाणारा एक पोरगा समोरच्या बाकड्यावर येऊन बसतो. त्याला हिमाचलात शर्यतीला जायचंय. 'एमटीबी हिमालया'चे व्हिडिओ त्यानं पाठ केलेत. कर्ज काढून सायकल घ्यावी का, असं विचारतो.

मी त्याला लांबची आणि जवळची दोन्ही यादी सांगतो. लांबचं म्हणजे हिमाचल, लडाख, मनाली-लेह. तिथं पाय कमी पडत नाहीत, दम कमी पडतो, कारण हवाच विरळ. शिवाय सायकल पेटीत भरून नेणं, तिथं बिघडली तर सुटा भाग मिळणं, याचा विचार आधी करावा लागतो. मधलं म्हणजे ब्रेवे: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 600 चाळीस तासांत. त्यात कुणाशी शर्यत नसते, वेळेत पोचायचं असतं, आणि स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करायला माणूस आपोआप शिकतो. 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करायची 'रॅम' ही शर्यत जोडीनं पुरी करणारे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ दवाखाना सांभाळून सायकल चालवणारे. 2017 मध्ये ती एकट्यानं पुरी करणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ हेही डॉक्टरच. धंदा सोडून कुणी डोंगरात जाऊन बसलं नव्हतं.

आणि जवळचं? मिरजेकडं दंडोबा. कासला जायचं तर डांबरावरूनच, कारण 2012 पासून ते जागतिक वारशात आहे आणि त्या फुलांवरून चाक नेणं गुन्ह्यासारखंच. सागरेश्वर अभयारण्यातही तेच, वाट सोडायची नाही. सपाटीवर दिवसभर चालवायची असेल तर दिघंचीवरून राजेवाडीचा तलाव. ब्रिटिशांच्या काळात दुष्काळी कामातून उभा राहिलेला, हिवाळ्यात पाखरांनी भरलेला. कविता-कथा वाचणारे कुणी असतील तर माडगुळे, गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर या भावांचं गाव. स्वतंत्रपूरही दाखवावं. औंध संस्थानानं 1939 मध्ये भिंती नसलेली कैद्यांची वसाहत इथं काढली, आणि 'दो आँखें बारह हाथ'ची गोष्ट तिच्यावरूनच आली.

"आधी ह्या सगळ्या वाटा तुझ्या जुन्या सायकलीवर कर," मी म्हणतो. "मग कर्जाचं बघू."

पोरगा नाराज होऊन उठला. पण जाताना राजेवाडीला कुठून वळायचं ते विचारून गेला.

दुपारी 2:30

दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मोटारसायकलनं भिवघाट, पळशी आणि पुढं बाणूरगड. रविवारच्या वाटेचं दुसरं टोक बघायचंय.

वाटेत शुकाचार्य. व्यासांचा मुलगा शुकमुनी इथं तपाला बसला, अशी श्रद्धा. दरीत उतरणाऱ्या पायऱ्या, झाडी आणि गार पाणी. माणदेशात एवढी सावली एके ठिकाणी क्वचितच मिळते. सायकली वर रस्त्यालाच ठेवाव्या लागतील, पायऱ्यांवरून चाक न्यायचं नाही. दुकानदाराला विचारलं, रविवारी दोन तास आठ सायकलींवर लक्ष ठेवाल का. तो म्हणाला, "च्या घेत्याल नव्हं? मग ठेवतो."

बाणूरगड म्हणजेच भूपाळगड. गडावरच गाव आहे. 1679 मध्ये दिलेरखानानं हा गड घेतला तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा होते आणि संभाजीराजे त्या वेळी मोगलांकडं होते. वर महादेवाचं देऊळ आणि बहिर्जी नाईकांची समाधी. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे हे प्रमुख. 1679 मध्येच जालना लुटून परतताना मोगली फौज आडवी आली, तेव्हा अडवाटेनं महाराजांना आणि थकलेल्या सैन्याला पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं ते बहिर्जींनी. माझ्यासारख्या वाटा बघत फिरणाऱ्यानं इथं हात जोडल्याशिवाय पुढं जाऊ नये.

सायंकाळी 4:15

गावात तीन कामं. पहिलं, जेवण. एका घरी मावशींशी बोललो: पिठलं, भाकरी, कांदा, ताक. आठ अधिक मी, असे नऊ जण. पैसे त्यांच्याच हातात द्यायचे, माझ्यामार्फत नाही. मावशींचा एकच प्रश्न होता, "बायका किती हाईत?" तीन म्हटल्यावर त्यांनी न्हाणीघर आणि संडास दाखवला. ही सोय विचारायची असते हे मला एका सायकलवाल्या ताईंनीच शिकवलं, पुरुषांच्या डोक्यात ते येत नाही.

दुसरं, फोनला रेंज कुठं आहे. देवळाजवळ आहे, खालच्या वळणावर नाही. तिसरं, अपघात झाला तर गाडी कुठवर येईल. 108 ची रुग्णवाहिका गावापर्यंत येईल, वगळीपर्यंत येणार नाही. म्हणून वगळीच्या तोंडाशी माझ्या मित्राची जीप उभी ठेवायची. दगडाखाली फुरसं असतं. बसण्याआधी दगड काठीनं ठोकावा, हात घालू नये. कुणाला चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. हलू न देता सरळ आटपाडीचं ग्रामीण रुग्णालय.

सरकारनं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. धंदा म्हणून हे करायचं तर पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी, प्रशिक्षित माणसं, विमा, प्रथमोपचार हे सगळं हवं. मी अजून सायकलदुरुस्तीवाला आहे, सोबत जातो एवढंच. पण तंबू टाकून पैसे घ्यायची वेळ आली तर आधी कागद. तोवर त्यातली सुरक्षेची यादी मी तशीच पाळतो, ती यादी चांगली आहे.

सायंकाळी 7:00

परत दुकानात. दूधवाला सायकल न्यायला आला. चेन बदलल्याचं त्याला पटेना, जुनी चेन हातात दिली तेव्हा पटलं. उद्या बाजारातून येणाऱ्यांसाठी ट्यूब, पट्ट्या आणि ब्रेकचे रबर पुढं काढून ठेवले. जादा ट्यूबमध्ये सीलंट भरून ठेवला, रविवारच्या त्या साध्या ट्यूबवाल्या तिघांसाठी.

रात्री 8:45

ग्रुपवर निरोप लिहायला बसलो. मॅडमना लांबलचक निरोप आवडत नाहीत, म्हणून थोडक्यात:

'रविवारी पहाटे 5:30 ला दुकानापाशी. शनिवारी रात्री मुक्कामाला आलात तर बाजाराची गर्दी सात-आठपर्यंत असते. प्रत्येकी दोन लिटर पाणी, एक जादा ट्यूब, हेल्मेट. वगळ 9 च्या आत पार करायची आहे, त्यामुळे फोटोसाठी थांबणं गडावर. पांढरे दगड दिसले की उतरून चालायचं. डाळिंबाला हात लावायचा नाही. जेवणाचे पैसे सुटे आणा. मेंढरं समोर आली तर घंटी वाजवू नका, बाजूला उभे राहा.'

पाच मिनिटांत मॅडमचा प्रश्न आला: 'रेंज नाही तिथं वाट चुकलो तर काय करायचं?'

लिहिलं: 'जो भेटेल त्याला विचारा. आधी रामराम घाला.'